नाव हलते की घाट?

आमच्या आतोबांइतका जागचा न हलणारा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. आणि तरी, नेमके कोण हलते आहे हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही, हे मुलांना पटवण्यात त्यांची हयात गेली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, राहायला हरिपुरात. मी साताऱ्याला मॅट्रिकला आपटलो, तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या हवाली केले. शाळेतून आले की ते आरामखुर्चीत पडायचे आणि हातभर अंतरावरच्या तांब्याकडे बघून म्हणायचे, "तांब्या इकडे आला काय नि मी तिकडे गेलो काय, निसर्गाला सारखंच. मग तांब्यालाच येऊ दे." येणाऱ्या तांब्याला अर्थातच आत्या लागायची.

सापेक्षता शिकवायला त्यांनी आधी बैलगाडी वापरून पाहिली. पण गाडी चालली आहे की उभी, हे आत बसलेल्याला कळता कामा नये, ही पहिली अट. आणि आमच्या रस्त्यांवर ते झोपलेल्यालाही कळायचे. म्हणून मग पलीकडच्या काठावरच्या कोथळीला जाणारी नाव. पौषातल्या संथ पाण्यात ते लिंबू सरळ वर उडवायचे आणि ते त्यांच्याच ओंजळीत पडायचे. "नाव पुढं गेली म्हणून लिंबू मागं राहिलं का? मग सांगा, नाव हलते की घाट?" नावाडी सखाराम म्हणायचा, "मास्तर, घाट हलत आसंल तर वल्हं तितं न्हेऊन देतो, तुमी मारा." दिवेलागणीला कंदिलाची पाळी. पुढे फेकलेल्या लिंबाला नावेचा वेग मिळतो. कंदिलाच्या उजेडाला मात्र नाव कितीही पळवा, त्याचा वेग तोच, नावेतल्यालाही आणि काठावरच्यालाही. आता दोघांचेही माप खरे ठरायचे, तर दोघांचा वेळ एक राहत नाही. लांब फिरून परत येणाऱ्याचे घड्याळ घरी राहिलेल्याच्या मागे पडलेले असते. मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्यांचा एकुलता एक वसंता तेव्हा लढाईवर होता. बोटीने गेला एवढेच ठाऊक. पुढे महिनोन्महिने खबर नाही. आत्या दिवसा दाराला कडी घालायची नाही. एकदा भाकरी थापता थापता तिने विचारले, तुमच्या शास्त्रात आपल्या वसंताचे काय?

"परत येणाऱ्याचा वेळ कमी जातो," आतोबा म्हणाले. "आपल्यापेक्षा तो कमी म्हातारा होऊन येईल."

"किती कमी?"

"सांगलीतल्या कुठल्याही घड्याळाला कळणार नाही, इतका."

आत्याने भाकरी तव्यावर टाकली. "तेवढा तर तेवढा. पण परत येणाऱ्याचाच म्हणालात ना?"

त्या दिवशी पाण्यासाठी आतोबा स्वतः उठले.

लढाई संपली. कोल्हापूरच्या सोबत्याला घरी पोचवून वसंता कोथळीच्या बाजूने आला. नावेत खाकी दिसतेय, अशी कुणीतरी वर्दी दिली, आणि मी चप्पल शोधेपर्यंत आतोबा अनवाणी घाटावर पोचले होते. नाव मधोमध होती, जागची हलत नसल्यासारखी. आतोबा पायऱ्या उतरले, शेवटची पायरीही उतरले. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. धोतर मागे तरंगू लागले.

"आवं मास्तर, थांबा तितंच," सखाराम ओरडला, "नाव येतीया."

"येऊ दे," आतोबा म्हणाले. "घाटही निघालाय."

वसंता पाण्यातच उतरला. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. शास्त्र चुकले की काय म्हणून मी आतोबांकडे पाहिले. ते त्याचा दंड धरून उभे होते. आणि तेवढा वेळ तरी, कुणीही कुठूनही पाहिले असते, तरी कुणीच हलत नव्हते.