हृदयात जाताना चपला बाहेर

माझ्या भाऊजींनी ज्याला एकदाही हादरवलेलं नाही असा माणूस मीरा-भाईंदरमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो कालच राहायला आलेला असणार. माझा नंबर पहिल्या रांगेतला, कारण ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पहिला धक्का ताईच्या हळदीलाच बसला. नवरदेव पिवळेधमक होऊन पाटावर बसलेले, आणि एकाएकी त्यांनी कपडे धुवायचा साबण मागवला नि ओल्या हातावर खसाखसा चोळला. हात लालभडक! माझी आई किंचाळली, "अगंबाई, जावयाला काय झालं?" आणि हे जमलेल्या पोराटोरांना शांतपणे सांगतायत, "बघितलंत? हळदीला साबण भेटला की ती लाजते. का ते शाळेत या, सांगतो." आई बिचारी पुढे कित्येक दिवस मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "मुलगा बरा आहे ना गं डोक्यानं?"

भाऊजी भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतात. मूळचे रत्नागिरीकडचे, मासे नसले तर पान गोड लागत नाही. पण रक्त म्हटलं की गळाठतात. बाजारात कोळणीकडे पाठ करून उभे राहतात आणि मागच्या मागे बोट दाखवून "तो घ्या, तो नको" असा हुकूम सोडतात. एकदा अशा बोटाने त्यांनी मासे सोडून शेजारच्या बाईची पिशवीच निवडली होती. शाळेत बेडकाचं पोट उघडायचा काळ होता तेव्हाही हे फळ्यावर बेडूक काढायचे आणि डस्टरने त्याचं पोट उघडायचे. मुलं अर्थातच झोपायची. विज्ञानाच्या तासाला घोरण्याचा आवाज केबिन रोडपर्यंत जातो, असं त्यांच्या मुख्याध्यापिकाच म्हणायच्या.

मग एका माजी विद्यार्थ्याने शाळेला तो व्हीआरचा चष्मा भेट दिला. डोळ्यांवर चढवला की माणूस बसल्या जागी चंद्रावर, समुद्राच्या तळाशी नाहीतर थेट माणसाच्या हृदयात. चष्मा एकच आणि आठवीचा वर्ग भरलेला. दुसरा कुणी असता तर कपाटात कुलूपबंद करून ठेवला असता. भाऊजींनी त्याला दसऱ्याला झेंडूची माळ घातली आणि नियम केला: एकाने आत जायचं आणि दिसेल ते मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकून चित्र काढायचं. आत जाणारा गप्प बसला तर त्याची पाळी गेली.

मी एकदा ताईचा निरोप घेऊन शाळेत गेले, तर वर्गाबाहेर चपला-बुटांची ही रांग, जशी काही आत सत्यनारायणाची पूजाच आहे. आत डोकावले आणि उडालेच. समीक्षा नावाची वरसाव्याची एक काटकुळी मुलगी डोळ्यांवर तो डबा बांधून हात पसरून उभी होती आणि ओरडत होती, "सर, मी डाव्या जवनिकेत हाय! झडप बंद झाली, आता मला परत जाता येत न्हाय!" वर्ग श्वास रोखून कागदावर वाकलेला. एकही जण झोपलेला नाही. बाहेर एक रिक्षावाला रिक्षा थांबवून खिडकीला कान लावून उभा.

"भाऊजी, पण चपला कशाला काढायला लावल्या?" मी विचारलं.

"अहो, दुसऱ्याच्या हृदयात जायचं ते काय चपला घालून?" ते म्हणाले, आणि मी काहीतरी अमंगळ विचारल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

पालकांनाही धक्के बसत होतेच. कुणाची मुलगी जेवताना घासाबरोबर आतड्यातून प्रवास करून यायची, कुणाचा मुलगा आजोबांच्या छातीला कान लावून बसायचा. पण रविवारीसुद्धा शाळा उघडा म्हणून मुलं हटून बसली, तेव्हा तक्रारी आपोआप थांबल्या. एक मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भाऊजी स्वतः चंद्रावर जाऊन आले होते, समुद्रात बुडून आले होते. हृदयात ते एकदाही गेले नव्हते. तिथे रक्त होतं ना!

आणि नेमकं तिथेच बिनसलं. जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झालीय, बदलावी लागेल, थांबलात तर जिवाशी खेळ आहे. त्याहून मोठा धक्का भाऊजींनी दिला. ते साफ नाही म्हणाले.

"अहो, तुम्ही बेशुद्ध असणार! तुम्हाला कुठे रक्त दिसणार आहे?" मी ओरडले.

"मी बेशुद्ध असेन हो. पण मला माहीत तर असणार ना, की ते आहे!"

कप्पाळ! ताईने समजावलं, रडून पाहिलं, मग नुसतीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायला लागली. ते मला बघवेना. मी सरळ शाळा गाठली आणि वर्गासमोर उभी राहून सांगून टाकलं, की तुमच्या सरांची झडप बिघडलीय आणि तुमचे सर घाबरलेत.

भाऊजी दारातच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग समीक्षा उठली, तिने चष्मा आणला आणि खुर्ची पुढे ओढली.

"सर, चपला काढा."

इतक्या वर्षांत त्यांना निमूट ऐकताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, बसले. तिने चष्मा चढवला, हात धरला. "भिऊ नका सर. आम्ही रोज जातो, काय न्हाय होत. आता बोला, न्हायतर पाळी जाईल."

त्यांनी खुर्ची घट्ट धरली. कपाळावर घाम. मग अगदी बारीक आवाजात सुरू झाले, "कर्णिका... पुढे दार आहे. उघडतंय. मिटतंय... अरे, केवढीशी ही झडप! आणि न थांबता करतेय रे सगळं." वर्ग खाली मान घालून चित्र काढत होता. चष्मा काढला तेव्हा ते भिजून गेले होते. म्हणाले, "बदलू देत. दमली असेल बिचारी."

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना त्यांनी सर्जनचा हात धरला. मला वाटलं, आता पुन्हा पाय मागे घेतात. तर विचारतायत, "डॉक्टर, आत जाताना चपला काढता ना?" सर्जन म्हणाले, "काढतो सर. बाहेरच्या चपला आमच्याकडे आत चालतच नाहीत." भाऊजींनी समाधानाने डोळे मिटले.

दुपारी मी चहा आणायला खाली उतरले तर वॉचमन ओरडत होता, "अरे, ये चप्पल किसने रखा इधर? हटाओ सब!" भिंतीकडेला शाळेच्या बुटांची नि चपलांची ओळखीची रांग, आणि तापलेल्या फरशीवर अख्खी आठवी अनवाणी उभी.

"अगं, पाय भाजतायत तुमचे! घाला चपला!" मी समीक्षाला म्हटलं.

"पण मावशी, डॉक्टर आता सरांच्या आत असतील ना?"

मला एकदम रडू फुटलं. वॉचमनसमोर, सगळ्यांसमोर. मग मीही माझ्या चपला काढून त्या रांगेत ठेवल्या.

झडप छान बसली. पण भाऊजी आता जपून वागतात, हळू चालतात, बेव्हर्ली पार्कला माझ्या घरी आले की शहाण्यासारखे सोफ्यावर बसतात. वर्ग सध्या नवे सर घेतात. मला महिनोन्महिने धक्का बसलेला नाही, आणि खरं सांगायचं तर करमत नाही. परवा चहा पिता पिता म्हणाले, "एक रुखरुख राहिली बघा. तो सर्जन माणूस माझ्या एवढा आत जाऊन आला, आणि बाहेर येऊन काय पाहिलं ते काहीच बोलला नाही. त्याची पाळी गेली."

"त्यात काय सांगायचंय, भाऊजी?" मी म्हटलं. "आत तुमची आठवी उभी असेल. अनवाणी."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच ऐकत बसले.