मागच्या सोसायटीतलं सरकार

आमच्या निजामपुऱ्यातल्या घरी, वरच्या खोलीत, पीएचडी करणारा एक विद्यार्थी भाड्यानं राहतो. आफ्रिकेतल्या एका देशातला. एका रविवारी त्याला सेवउसळ खायला खाली बोलावलं आणि कोणी न विचारता माझा पराक्रम ऐकवला.

आमची आणि मागची सोसायटी यांच्या भिंतीत एक फाटक आहे. भाजीला जायची जवळची वाट. तिकडच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, आमच्यासारख्याच बडोद्याच्या मराठी. त्यांनी फाटकाला रात्री दहाला कुलूप लावायचं ठरवलं. आमचं डोकंच फिरलं. आम्ही चौघांनी तिकडे हळूच पिल्लू सोडलं, की बाई नवरात्रातला गरबा बंद करणार. बडोद्यात एवढं पुरतं. पुढच्या सभेत बाईंचं अध्यक्षपद गेलं आणि तिकडचाच, पण आमच्या मर्जीतला माणूस खुर्चीत बसला.

विद्यार्थी खायचा थांबला आणि सांगू लागला. त्याच्या देशातही लोकांनी निवडलेलं सरकार होतं. एका बड्या देशाच्या हेरांनी अफवा पिकवून ते पाडलं आणि आपला सेनापती बसवला. आता सेनापतीचा मुलगा राज्य करतो. विद्यार्थ्याचे आजोबा त्या सरकारात कारकून होते. गावात त्यांच्या घराला अजून देशद्रोह्यांचं घर म्हणतात.

"अंकल, आपका आदमी अब भी है?" त्यानं विचारलं.

होता की. बारा वर्षं झाली, निवडणूक नाही. फाटकाला आता दिवसरात्र कुलूप असतं आणि त्यावर कॅमेरा. हे सांगताना मलाच हसू आलं.

"और वो मैडम?"

बारा वर्षांत एकदाही त्यांची चौकशी केली नव्हती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी बाईंकडे निघालो. फाटक बंद, म्हणून मुख्य रस्त्यानं वळसा घालून वीस मिनिटं चाललो. माझ्याच परराष्ट्र धोरणाला शिव्या घालत पोचलो, जिना चढलो. बाईंनी दार उघडलं. मी सगळं कबूल केलं. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "पण भाई, माइकवर गाऊन गरबा तर मीच गवडावायचे ना दर वर्षी. तुमच्यातल्या एकालाही ते आठवलं नाही?"

आठवलं होतं. मीच मागे उभा राहून झील धरायचो. त्या नवरात्रापासून बाई गरब्याला खाली उतरल्या नव्हत्या.