चाखलेलं मोजत नाहीत

हॉस्पिटलमध्ये काम करते म्हटलं की लोक विचारतात, डॉक्टर की नर्स? दोन्ही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. क्लिनिकल फार्मासिस्ट आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे खाली मेडिकलमध्ये बसता का?" माझ्या सासूबाईंनी तर चंदनसारच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय की सून औषधांच्या दुकानात आहे, काही लागलं तर कळवा. मी आता भांडणं सोडून दिलंय. लोक कळवतात, मी सल्ला देते, गोळ्या त्यांच्या त्यांनी आणाव्यात.

माझं काम हृदयाच्या वॉर्डात असतं. सकाळी डॉक्टरांबरोबर राऊंडला फिरायचं, कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते ते बघायचं, किडनी थकलेली असेल तर डोस कमी करा म्हणून मागे लागायचं, आणि घरी निघालेल्या पेशंटला समोर बसवून औषधं समजावायची. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. लोक खोटं बोलत नाहीत, पण सगळं सांगतही नाहीत. गुडघ्यासाठी शेजारणीने दिलेली गोळी त्यांच्या लेखी औषध नसते. काढा तर नसतोच. आणि शहाळी! भेटायला येणारा प्रत्येक माणूस हातात शहाळं घेऊन येतो, आणि नेमकं ज्याला ते चालत नाही त्यालाच प्रेमाने पाजतो. या शहाळ्यांवरून मी इतकी भांडले आहे की वॉर्डातल्या मावशी मला पाठीमागे 'नारळवाल्या मॅडम' म्हणतात. माझ्या कानावर आलेलं आहे.

ज्या काकांची ही गोष्ट आहे ते आगाशीच्या बाजूचे, पिढीजात बागायतदार. घरची वाडी, केळी, नारळ, थोडी पानवेल. गेल्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा हृदय पार थकलेलं होतं. पाय सुजलेले, दम लागलेला. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते महिनाभर लाकडी खुर्चीत बसून झोपत होते. काकू खाली सतरंजी टाकून, त्यांच्या पावलावर हात ठेवून पडायच्या. "हात कशाला?" मी विचारलं होतं. "पाय गरम हाय तोवर बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी औषधं बदलली. त्यात एक छोटी गोळी होती, थकलेल्या हृदयाला ती फार मानवते, अंगात साठलेलं पाणीही काढते. काकांना ती अशी लागू पडली की सूज उतरली, दम गेला आणि खुर्ची सुटली. दोघं खाटेवर झोपायला लागले. पण या गोळीचा एक स्वभाव आहे. ती शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. हृदयाचे ठोके नीट पडायला ते लागतं, पण जास्त झालं की ठोकेच मंदावतात. म्हणून मी काकांना दरडावून सांगितलं होतं: ते ज्यात भरपूर असतं ते सगळं बंद. केळी बंद, शहाळं बंद, बाजारात मिळतं ते 'कमी सोडियमवालं' मीठ बंद. काकांनी कानाला हात लावला. केळीच्या बागायतदाराला केळं बंद सांगणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलंही नव्हतं. मी मूळची सांगलीकडची. केळं म्हणजे गाडीवरून घ्यायचं फळ, एवढंच माझं ज्ञान.

पाऊस संपला, दिवाळी झाली, आणि एका सकाळी काकांचा मुलगा त्यांना घेऊन आला. चक्कर, अशक्तपणा, नाडी अगदी मंद. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं पाहून डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले आणि ती गोळी थांबवली. दोन-तीन दिवसांत सगळं जागेवर आलं. जाताना गोळी परत सुरू केली, निम्म्या डोसने. मी काका-काकूंना समोर बसवलं आणि उलटतपासणी घेतली. केळं? नाही. शहाळं? नाही. मीठ कुठलं? जाडं, साधं. काढा, चूर्ण, पावडर? काहीच नाही. घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली, तिच्यातही काही सापडलं नाही.

आठवड्याने तपासणी केली तर आकडा पुन्हा वर.

डॉक्टर शांत माणूस, सहसा आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "इथे असले की नॉर्मल, घरी गेले की वाढतं. म्हणजे घरातच काहीतरी आहे. ते मला राऊंडला दिसणार नाही, तुम्हीच शोधा. नाही सापडलं तर ही गोळी कायमची बंद करावी लागेल. दुसरं काहीतरी देऊ, पण तेवढा गुण येईल असं नाही." गोळी त्यांनी तूर्त थांबवली. थांबवणं भागच होतं.

चार दिवसांनी काका-काकू पुन्हा माझ्यासमोर होते. काकांना थोडी धाप लागत होती. काकूंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "पुन्हा खुर्चीत?" मी विचारलं. काकूंनी नुसती मान हलवली. खरं सांगते, मला राग आला. त्यांचा नाही, त्या न सापडणाऱ्या गोष्टीचा, पण तो निघाला त्यांच्यावरच. "काकू, काहीतरी लपवताय तुम्ही," मी म्हणाले. "घरात काहीतरी खाल्लं जातंय." काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मॅडम, देवाशपथ. केळ्याला हात नाय लावत हे. मी मीठसुद्धा डोळ्यांदेखत घालते."

वातावरण बिघडलेलं बघून असेल किंवा मुळातच द्यायचं म्हणून आणलेलं असेल, काकांनी पिशवीतून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. केळीच्या वाळक्या पानात घट्ट गुंडाळलेलं, वर सुतळी. "तुमच्यासाठी आणलंय. रागवू नका. घरचं हाय."

उघडलं तर आत सोनेरी तपकिरी रंगाचे लांबट तुकडे, एकमेकांना चिकटलेले. सुकेळी. दुकानांत टांगलेली पाहिली होती, खाल्ली नव्हती. एक तोडून तोंडात टाकली. मधासारखी गोड, चिवट, आणि अगदी शेवटी किंचित आंबूस. रागावलेल्या माणसाला असं काही खायला देणं हा खरं तर अन्याय आहे.

"हे कशाचं करतात, काका?"

"राजेळी केळ्याचं. सोलून उन्हात वाळवायचं."

मी चावायची थांबले. "म्हणजे हे केळंच आहे."

"हो. पण आम्ही नाय खात हो," काकू घाईने म्हणाल्या. "ही सगळी ऑर्डरची. यांनी एक सुकेळी ताटात घेतली नाय या हंगामात."

मला पटलं. दोघांचे चेहरे खोटं बोलणाऱ्यांचे नव्हते. मी पुडकं परत बांधायला घेतलं, आणि उगाच, काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून विचारलं, "ही तयार झाली हे कसं कळतं हो तुम्हाला?"

काका खुर्चीत सरसावून बसले. दम लागलेला माणूस, पण आवाज बदलला. हंगामात रोज उन्हात बांधलेल्या मांडवावर केळी पसरायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, असं सात-आठ दिवस. बोटाने दाबून बघणारे बघतात, पण बोट फसवतं. वरून सुकलेली असते, आत ओल राहते, मग पुडक्यात बुरशी धरते. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकच शिकवलं होतं: दात सांगेल तेच खरं. प्रत्येक ओळीतली एक तोडायची, चावून बघायची. माडाच्या सावलीकडची ओळ वेगळी, उन्हाकडची वेगळी, कालची वेगळी, परवाची वेगळी. सकाळी एक फेरी, ऊन उतरताना दुसरी.

"आणि चावून झाली की थुंकायची?" माझा आवाज मलाच वेगळा ऐकू आला.

"थुंकायची?" काका दुखावले. "अन्न हाय ते, मॅडम."

आधी काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगो बाई," त्या म्हणाल्या, "हा मांडव माझ्या डोळ्यांसमोर हाय की."

काका दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "चाखणं म्हणजे काय खाणं हाय?" ते म्हणाले. "सैपाकीण आमटी चाखते, ती काय जेवते?"

मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो कळसा काका रोज दोनदा चावत होते आणि शपथेवर नाही म्हणत होते, आणि त्यांची शपथ खरीसुद्धा होती. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मी काकूंचा हात धरला आणि मघाशी जे बोलले त्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही रागवलात म्हणून तर ह्यांनी पुडकं काढलं."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "मग आता चाखणं बंद होईल का, ते बघा. गोळी त्यावर ठरेल."

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. काका ऐकेनात. चाखल्याशिवाय माल द्यायचा? दादरची माणसं नाव घेऊन मागतात त्यांची सुकेळी. एक पुडकं बुरसटलं की आयुष्यभराचं नाव जातं. मी रक्ताचे आकडे दाखवले, त्यांनी बघितलेही नाहीत. शेवटी मी म्हणाले, "काका, एक तर दात, नाहीतर खाट. दोन्ही मिळणार नाही." ते खाली बघत राहिले. रडवेले झाले होते आणि मला त्यांचं वाईट वाटत होतं, पण मी मागे हटले नाही.

तेव्हा काकू बोलल्या. "मी चाखते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"इतकी वर्षं पुडकी कोण बांधतं? ओली लागली तर बोटांना कळत नाय का मला? तुम्ही नेहमी एक ऊन कमी देता. कधी बोलले नाय, इतकंच."

काकांचं तोंड उघडं राहिलं. घरी ही चर्चा पुढे किती रंगली असेल ते मी कल्पनेवर सोडते. आपसात ते जी बोली बोलतात ती मला अर्धीच कळते, पण दारातून बाहेर पडताना काकूंचा आवाज वरचा होता, हे कळायला बोली यावी लागत नाही.

गोळी पुन्हा अगदी कमी डोसने सुरू झाली. पहिली तपासणी ठीक आली. दुसरीही ठीक आली. तिसऱ्या वेळी रिपोर्ट माझ्या हातात पडला तेव्हा मी लॅबच्या दारातच तो दोनदा वाचला आणि कोणी बघत नाही ना पाहून त्याला नमस्कार केला. डॉक्टरांनी डोस वाढवला.

जानेवारीत दोघं आले. काका जिना चढून आले होते, लिफ्टला रांग होती म्हणून. धाप नव्हती. काकूंनी पुडकं ठेवलं. मी एक सुकेळी चाखली, नाही, खाल्ली. गेल्या वेळेपेक्षा जास्त सुकलेली होती, जास्त गोड. मी काही बोलण्याआधीच काका म्हणाले, "एक ऊन जास्त दिलंय हिनं. गिऱ्हाईक खूश हाय. मला कोण विचारतोय आता?" तक्रार होती, पण चेहरा तक्रारीचा नव्हता.

"आणि ती खुर्ची?" मी विचारलं.

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.

"खुर्ची अंगणात हाय, मांडवाशी," काकू म्हणाल्या. "तिच्यावर बसून मी कावळे हाकते."