बाळासोच्या अर्जावरची माझी सही

बाळासो गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडला घरी मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त ग्रामसेवकाला घरात याहून मोठं खातं मिळत नाही. फोन त्याच्या मुलाचा होता. "काका, पप्पा गेले," एवढंच बोलला आणि ठेवला. मी जुडी पूर्ण निवडली, मग उठलो. असं का केलं ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा लगेच उठलो असतो तर मिरजेच्या गाडीत बसावं लागलं असतं, आणि गाडीत बसल्यावर विचार करावा लागला असता...

रक्षाविसर्जनाला माणूस बरा जमला होता. ज्याच्याकडं बाळासोनं उभी हयात घातली तो शेडची कामं घेणारा ठेकेदारही आला होता, पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांत. आमच्याकडं अशा वेळी दोन शब्द बोलायची पद्धत आहे. तो पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "माज्या घरातला माणूस गेला. तीस वर्सं माज्याकडं राबला, पर कवा तोंड वाकडं केलं न्हाई." बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मलाही गलबलून आलं. याच माणसाच्या वकिलानं चार महिन्यांपूर्वी सांगलीत काय लिहून दिलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाळासो आणि मी शाळेत एका बाकावरचे. मी नोकरीला लागलो, तो पत्र्याच्या कामाला. सिमेंटचे नालीदार पत्रे, ॲस्बेस्टॉसवाले. मिरज-तासगाव भागातल्या कोंबड्यांच्या शेडी, गुऱ्हाळं, साखर कारखान्यावरच्या मजुरांच्या खोल्या, कुठं कुठं म्हणून त्याच्या हातचं छप्पर नाही! कानावर चपटी पेन्सिल. पत्र्यावर रेघ मारायची, कटर फिरवायचा, भुकटीखाली रेघ दिसेनाशी झाली की वाकून फुंकर मारायची आणि पुढं सरकायचं. संध्याकाळी भुवयांपासून पायांपर्यंत पांढरा. टॉवेल डोक्याला बांधायचा, तोंडाला कधी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तोंड बांदलं तर फुकायचं कसं गड्या?" त्याच्या कापलेल्या पत्र्याची कड सुतासारखी सरळ यायची आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

योगायोगानं मी त्याच्याच गावात ग्रामसेवक म्हणून आलो. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. बाळासो चारचौघांत भाऊसाहेब म्हणायचा आणि दोघंच असलो की गड्या. त्याच सुमाराला ग्रामपंचायतीच्या सभागृहावर पत्रे घालायचं काम निघालं. ठेकेदार हाच, कापणारा बाळासो. माझ्या खोलीसमोरच्या अंगणात आठ दिवस कटर चालू होता. टेबलावर, दाखल्यांच्या रजिस्टरांवर पांढरा थर बसायला लागला. तिसऱ्या दिवशी बाळासोच आत डोकावला. "दार लावून घे गड्या, तुज्या वह्या खराब व्हत्यात." मी दार लावून घेतलं. तो बाहेर, मी आत. वह्या जपल्या गेल्या. सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्या अंगणात मी एकटाच होतो. पत्रा भिजवून कापा, या माणसाला मास्क द्या, असं ठेकेदाराला बजावणं मला अशक्य नव्हतं. पण सुचलंच नाही. मी चहा मात्र पाठवत होतो.

पुढं बांधकाम कामगारांच्या मंडळात नाव नोंदवायची झुंबड उडाली. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ग्रामसेवकही देऊ शकत होता. नोंदणी झाली की भांड्यांचा संच मिळायचा. झालं, सारा गाव कामगार झाला. किराणा दुकानदार कामगार, सोसायटीच्या संचालकाची सून कामगार, ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही अशा बाया कामगार. मी सह्या करत गेलो. कोण कुणाचा माणूस, कुणाला दुखवायचं नाही, हे मला पाठ होतं. ठेकेदाराच्या बायकोलाही मीच नव्वद दिवसांची मजूर केली. नंतर कधी त्याच्याकडं गेलो तेव्हा कपाटावर मंडळाचं नाव छापलेला खोका होता आणि वहिनींनी त्यातल्याच तांब्यातून पाणी दिलं. मी ते प्यायलो.

त्याच दिवसांत बाळासो अर्ज घेऊन आला. अंगानं वाळून गेलेला, दोन शब्दांमागं एकदा थांबून श्वास घेत. क्षयाची औषधं दोनदा झाली होती, पण गुण नव्हता. अर्जात कामाच्या दिवसांपुढं त्यानं आपल्या हातानं लिहिलं होतं... अडतीस. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "औंदा एवढंच झालं. दम लागतुया. खोटं कसं लिवू?" साऱ्या गावात खरा पत्रे कापणारा हा एकटा, आणि खरा आकडा लिहिणाराही एकटाच. मी काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. पण नेमकं त्या आठवड्यात तालुक्याला कुणीतरी खोट्या दाखल्यांची तक्रार केली होती. चौकशी लागली तर दाखवायला माझ्याकडं एक तरी नकार हवा होता. मी त्याच्या अर्जावर शेरा मारला, 'नव्वद दिवस पूर्ण नाहीत, दाखला देता येत नाही', सही केली, शिक्का उठवला आणि एक प्रत दप्तरी ठेवली. खोलीत आम्ही दोघंच होतो. बाळासोनं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "व्हय भाऊसाहेब." दोघंच असताना त्यानं मला भाऊसाहेब म्हटल्याची ती पहिली वेळ. चौकशी काही आली नाही.

पुढं मिरजेच्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला काम काय करता ते विचारलं. नळीत फुंक मारायला लावली, तर काटा हललाच नाही म्हणे. फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे धागे रुतलेत, ते निघत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. हेही सांगितलं की नुकसानभरपाईच्या कायद्यात या रोगाचं नाव लिहिलेलं आहे, ज्याच्याकडं काम केलं त्याच्याकडं मागण्याचा हक्क आहे, आणि कापण्याआधी पत्रा नुसता पाण्यानं ओला केला असता तरी भुकटी कितीतरी कमी उडाली असती. बाळासोनं सांगलीच्या कामगार न्यायालयात भरपाईचा अर्ज केला. हे मला त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, रक्षाविसर्जनानंतर मागच्या खोलीत सांगितलं. त्यांनी त्याच्या हत्यारांच्या पेटीतून एक फाईल काढून दिली. ठेकेदाराच्या वकिलाचं उत्तर होतं की हा इसम आमच्याकडं कधीही कामाला नव्हता, तो बांधकाम कामगारच नव्हे, खुद्द ग्रामसेवकानं तसा शेरा दिला आहे. सोबत ग्रामपंचायतीच्या दप्तरातून काढलेली माझ्या सहीची प्रत.

गावभर खोट्या सह्या वाटणाऱ्या माझी एकमेव खरी सही त्या माणसाच्या गळ्याला लागली होती.

वहिनींना म्हटलं, त्यानं नव्वद लिहिलं असतं तर मी सही केली असती. त्या म्हणाल्या, "आवं भाऊजी, पोरानं तेच सांगितलं हुतं. तर ह्ये म्हनलं, तेची नोकरी हाय, तेला खोटी सही कशी कराय लावू?"

मी ठेकेदाराला शिव्या देऊ शकतो, आणि देतोही. पण किळस येते ती मला माझीच.

सोमवारी सांगलीला जाऊन जबाब देणार आहे. आठ दिवस माझ्यासमोर बाळासो याच ठेकेदारासाठी पत्रे कापत होता हे लिहिलंय. रक्षाविसर्जनाला ठेकेदारानं शंभर माणसांसमोर तीस वर्षांची कबुली दिली तेही. आणि मी खोटे दाखले कुणाकुणाला दिले, बाळासोला नकार का दिला, हे नावांसकट लिहिलंय. मुलगी म्हणते, पेन्शनचं काय? बघू काय होतं ते.

काल जबाब लिहून झाल्यावर, सही करण्याआधी शेऱ्याची तारीख बघायला वहिनींनी दिलेली फाईल उघडली. तिच्यात त्याची ती चपटी पेन्सिल राहिली होती. तिच्यावरची पांढरी भुकटी जबाबाच्या कागदावर सांडली. झटकायला म्हणून मी वाकलो, फुंकर मारायला ओठ पुढं केले... आणि तसाच थांबलो. स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं, हळूच सगळं टिपून घेतलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.