कमळपक्ष्याचं घरटं

नागभीडजवळच्या आमच्या गावच्या तलावावर मी अकरा वर्षं पक्षी पाहतोय. कमळपक्ष्याचं घरटं मला एकदाही दिसलं नाही. माझ्याच शाळेतल्या नव्या सरांना ते दुसऱ्याच पावसाळ्यात दिसलं. ते दुर्बीण उलटी धरत होते तेव्हा सुलटी करून मीच हातात दिली होती. म्हणजे गुरूची विद्या गुरूलाच!

शिंगाड्याच्या वेलांवर चार तपकिरी अंडी, आणि त्यांच्यावर नर बसलेला. सरांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. मी "छान" म्हणालो. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी नेला.

सरांची आई आजारी, म्हणून ते त्याच दुपारी गोंडपिपरीला निघाले. जाताना म्हणाले, "सर, शिंगाडेवाल्या बाई परवापासून वेल उपटणार हायेत. त्या तुमच्याच गल्लीत राह्यतेत ना? त्यायले सांगा, तेवढा कोपरा सोडा म्हणा. नाई तं अंडी पाण्यात जातीन."

संध्याकाळी त्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी पाऊसपाण्याचं बोललो आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच. 'विसरलो' म्हणून सांगायचं, हेही ठरवून टाकलं होतं. घरटं मोडावं असं मला वाटत नव्हतं हो. ते सरांना सापडलेलं नसावं, एवढंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र राहवेना. धावत तलावावर गेलो, तर बाई डोंग्यात बसून वेल ओढत होत्या. काठाजवळचं पाणी मोकळं झालं होतं.

"बाई, थांबा! तिथं अंडी आहेत!"

"मले दिसत नाई का, गुरुजी?" त्या हसल्या. "दरसाल बसते तो इथीच. तेवढे वेल आपण सोडूनच देतो."

दरसाल! आणि मी अकरा वर्षं काठावर दुर्बीण लावून बसलो होतो. त्या घटकेला मला बाईंचाही हेवा वाटला.

आठवड्याने सर परतले. आधी तलावावर जाऊन आले, मग सगळ्या शिक्षकांसमोर माझा हात धरला. "सरांनी सांगितलं म्हणून अंडी वाचली."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

फोटो शाळेच्या पुढच्या दाराजवळच्या फलकावर लागला. खाली दोन नावं आहेत. पहिलं माझं लिहिलंय, त्यांच्या अक्षरात. तेव्हापासून मी शाळेत मागच्या दाराने जातो.