फ्लॅशला टांगलेलं मीठ

बाहेर फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा. का, ते विचारायचं नाही.

पेणच्या आमच्या स्टुडिओतला हा पहिला आणि शेवटचा नियम. बाबांना तो त्यांच्या गुरूंनी सांगितला, गुरूंना कोणी सांगितला देव जाणे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. उजेड म्हणजे काय, यावर पानंच्या पानं लिहून पास झाले. पण घरी येऊन 'का?' म्हटलं की बाबा लेन्स पुसायला घेणार.

या नियमाने गिऱ्हाइकांचं काय झालं, ते रामवाडीतल्या कुठल्याही घरी जाऊन बघा. आमचा अल्बम असेलच. प्रत्येक पानावर नवरानवरी उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभे. लग्न झालंय की डोळ्यांत कांदा गेलाय, कळायला मार्ग नाही.

हसताय काय? यात खरं हसं कोणाचं झालं ते अजून पुढेच आहे.

तर मी ठरवलं, सूर्य माणसांच्या पाठीमागे टाकायचा आणि चेहऱ्यावर आपला फ्लॅश मारायचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो तो नव्हे, बाजूला स्टँडवर उभा राहतो तो. मग सुरू झाली निवड. छोटा फ्लॅश पर्समध्ये मावतो, पण भर उन्हात त्याचा काजवा होतो. स्टुडिओतला मोठा दणकट असतो, पण त्याला वायर लागते, आणि खाडीच्या बांधावर प्लग कुठून आणू? म्हणजे बॅटरीवाला. बॅटरीचा डबा वेगळा, तो स्टँडच्या खालच्या दांडीला अडकवायचा. वर कापडी पेटी, उजेड मऊ पडावा म्हणून. स्टँड लोखंडी घ्यावा की हलका, यावर मी आठवडाभर जेवताना बोलत होते. शेवटी हलका घेतला, कारण उचलणार मीच होते. दुकानदार म्हणाला, ताई, हलका घेताय तर ही वजनाची पिशवीही घ्या. रिकामी न्या, तिथे वाळू भरा आणि स्टँडला टांगा.

आईने माझ्यासाठी स्थळं बघताना इतका विचार केलेला नाही.

बाबांनी सगळं सामान एकदा बघितलं आणि अट घातली. पहिलं काम चांगलं झालं तर बाहेरची सगळी कामं माझी. नाही झालं तर मुकाट्याने काउंटरवर बसायचं आणि पासपोर्टचे फोटो काढायचे. 'कान दिसू द्या, हसू नका', जन्मभर! मी अट मान्य केली. मला काय, काम चांगलं होणारच होतं.

पहिलं काम मिळालं सुजाताचं. वडखळच्या पुढे खाडीकाठी तिचं गाव. तिचे वडील, नामदेवकाका, मिठागरात काम करतात. लग्नाआधीचे फोटो तिला तिथेच हवे होते. सगळे जण समुद्रावर काढतात, मी जिथे वाढले तिथे काढणार, म्हणाली. मला ती मुलगी तिथल्या तिथे आवडली. नवरा नीलेश रोह्याचा, कंपनीत कामाला. त्याची दुपारची शिफ्ट होती, त्यामुळे फोटो सकाळी अकराला. म्हणजे ऊन डोक्यावर. नेमका माझा फ्लॅश हवा अशी वेळ!

मी सामान घेऊन मिनीडोअर रिक्षात बसले, तर बाबाही शेजारी येऊन बसले. 'नुसता बघायला' म्हणे. तिकडे नीलेशबरोबर त्याचे मामा हजर, कारण लग्नाआधी दोघांना एकटं कसं सोडायचं? दोघं फोटो काढून घेणार होते की पळून जाणार होते? आणि नामदेवकाका तर तिथेच, हातात लाकडी फावडं घेऊन मीठ ओढत होते. एका फोटोवर तीन वडीलधारी लक्ष ठेवून.

खाडीवर वारा होता. कापडी पेटी शिडासारखी फुगली आणि माझा हलका स्टँड चालायला लागला. वजन हवं होतं. वाळू शोधली, तर सगळीकडे चिखल. चिखल भरला असता, पण पिशवी नवी होती. हो, हे कारण होतं. आता मला सांगतानासुद्धा लाज वाटते.

मिठाच्या वाफ्याच्या कडेला मात्र पांढरंशुभ्र मीठ पडलं होतं. मी पिशवी उघडली.

"त्यातला नको घेव गो पोरी," नामदेवकाका म्हणाले. "तो आजच..."

मला वाटलं, मालकाची भीती. म्हटलं, "काका, मालकांना मी सांगते. काम झालं की परत ओतते."

"मालकाचा नाय गो. तो मीठ..."

"एका पिशवीने काय मिठागर संपणार आहे?"

सुजाता म्हणाली, अगं, ऐकून तरी घे त्यांचं. पण मला हा प्रकार घरून पाठ होता. कोणतीही नवी गोष्ट करायला जा, मोठ्यांचा पहिला शब्द 'नको'. कारण विचारलं तर सापडत नाही. मी भरत राहिले. शेवटी काका म्हणाले, "घे मंग." मी म्हटलं, बघा, ठाम राहिलं की मिळतं.

पिशवी टांगली. स्टँड खांबासारखा उभा. पहिला फोटो काढला आणि खरंच सांगते, माझा मलाच विश्वास बसेना. सुजाताच्या केसांच्या कडेने उजेड झिरपलेला, चेहरा स्वच्छ, डोळे पूर्ण उघडे. मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून परत बघितला. आमच्या घरात याला टाळ्या म्हणतात. मामांनी तर लगेच रोह्याला फोन लावला, लग्नाचं कामही हिलाच द्यायचं म्हणून. आणि फोन ठेवून स्वतःचाही एक काढायला लावला, कमरेवर हात ठेवून.

असे सहा फोटो झाले. सातव्याला फ्लॅश पेटलाच नाही.

आठव्याला पेटला. नवव्याला नाही. मी नीलेशला सांगितलं की तुझा शर्ट फार पांढरा आहे. त्या बिचाऱ्याने गाडीतून निळा आणून बदलला. मग सुजाताला बांगड्या काढायला लावल्या, चमकतात म्हणून. मग मामांना मोबाईल बंद करायला सांगितलं. सगळ्यांनी माझं सगळं ऐकलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आणि तेवढ्यात खालून 'फट्' असा आवाज आला. जळका वास सुटला.

मी वाकून बघितलं. पिशवीतून पाणी गळत होतं. थेंब, थेंब, थेंब, बरोबर बॅटरीच्या डब्यावर.

"तेच सांगत व्हतो," नामदेवकाका म्हणाले. "आजचा मीठ वला असतो. रास करून चार दिवस निथळत ठेवाया लागतो."

खारट पाण्यातून वीज फार छान वाहते. प्रयोगशाळेत हे मी स्वतःच्या हाताने करून दाखवलंय. पैकीच्या पैकी मार्क होते मला त्यात.

पुढचे फोटो फ्लॅशशिवाय. मागे लखलखता सूर्य, पुढे काळ्या पुठ्ठ्याची कापलेली दोन माणसं. त्यातला नवरा कोण आणि नवरी कोण हे पदरावरून ओळखायचं. शेवटी नीलेशची वेळ झाली. तो निळ्या शर्टातच शिफ्टला गेला.

मग तिघे मोठे माझ्यासमोर बांधावर ओळीने उभे राहिले. ओरडलं असतं कोणी तर बरं झालं असतं. पण बाबा अगदी शांतपणे म्हणाले की समोर मिठाची एवढी पांढरी रास होती. तिच्याकडे तोंड करून दोघांना उभं केलं असतंस, तर खालून उजेड आपोआप चेहऱ्यावर आला असता. फ्लॅशच लागला नसता. मला खाडीत उडी मारावीशी वाटली, पण तिला ओहोटी होती. मामा म्हणाले, जाऊ दे, लग्नाला वडीलच येऊ देत, मुलीने हाताखाली उभं राहावं. आणि बाबा म्हणाले, "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," मी म्हटलं. "पण मी काउंटरवर बसणार नाही."

आणि सुटलेच. बोलताना मी एका जागी उभी राहू शकत नाही. येरझाऱ्या घालत तिघांना सांगितलं की चूक माझी आहे, पूर्ण माझी. काकांचं बोलणं मी पुरं होऊ दिलं नाही. त्याची शिक्षा वाटेल ती द्या. पण हातातला कॅमेरा देणार नाही. हाताखाली उभी राहणार नाही. याच जागी परत येईन, फोटो परत काढीन, आणि सूर्य मला वाटेल तिथे ठेवीन. का, ते विचारायचं नाही!

तिघेही गप्प झाले.

बाबा गप्प, मामा गप्प, नामदेवकाका गप्प. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर तीन मोठी माणसं निरुत्तर झाली होती. मी ती शांतता अगदी चवीने उपभोगली. मग लक्षात आलं, तिघांपैकी एकही माझ्या तोंडाकडे बघत नाही. तिघेही खाली बघतायत.

मी खाली बघितलं. बोलता बोलता मी बांधावरून शेजारच्या रिकाम्या वाफ्यात उतरले होते. नव्या मिठासाठी सुजाताच्या आईने आणि चार बायकांनी आठ दिवस पायांनी तुडवून त्याचा तळ आरशासारखा केला होता. आणि त्या आरशावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या बुटांचे ठसे. प्रत्येक मुद्द्याला एक.

"बोलून झाला असंल," नामदेवकाका अगदी हळू म्हणाले, "तर हायस तिथंच उभी रा गो. हलू नको."

या वेळी मी 'का' विचारलं नाही.