हातांवर बसणाऱ्या हमीदामावशी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही आणि अक्षर असं, की किराण्याची यादी दिली तरी दुकानदार पुन्हा तोंडी विचारतो. तेवढं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून हमीदामावशींबद्दल जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

शेवगावला आमच्या मुलांची शाळा आहे. आमच्या म्हणजे ज्यांना समज उशिरा येते, त्या मुलांची. वर्गात शिकवायला बाई असतात आणि मुलांचं जेवण, हात धुणं, कपडे, संडास-लघवी बघायला एक मदतनीस असते. मावशी एकोणतीस वर्षं त्या वर्गात मदतनीस होत्या. गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या.

माझी छाया सात वर्षांची असताना मी तिला तिसगावाहून एसटीनं पहिल्यांदा तिथे नेलं. वर्गाच्या दारात चपला काढायच्या होत्या. मी सवयीनं तिच्या सँडलचा पट्टा सोडवायला वाकले, तर आतून आवाज आला, "सँडल कुनाची हाय?"

बघते तर एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई बाकावर बसलेली. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले.

"छायाची," मी म्हटलं.

"मग तू का वाकलीस? उठ. तिचं ती बघंल."

छायाला पट्टा सुटेना. ती रडली, पाय आपटले, उंबऱ्यातच बसली. प्रार्थना झाली, गाणी झाली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. मला असा राग आला! ही कसली मदतनीस, हिला पगार बसायचा मिळतो का, असं मनात म्हणत होते. शेवटी पट्टा चर्र करून सुटला. छायानं सँडल डोक्यावर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. तेव्हा कुठे मावशी उठल्या. तिच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "माझे हात लई चोंबडे हायत, छायाची आई. दुसऱ्याच्या कामात शिरत्यात. म्हनून त्यांच्यावर बसती."

परतीच्या गाडीच्या वेळा जुळत नसत, म्हणून शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्यात गोधडी शिवत थांबायची. अकरा वर्षं थांबले. काम टाळणारी बाई ती नव्हेच, हे आठवड्यात कळलं. कुणी कपडे खराब केले तर मावशी नाकाला पदर न लावता धुऊन पुसून आणत. पण जे मुलाला उशिरा का होईना जमेल, त्याला त्या बोट लावत नसत. गण्या म्हणून एक मुलगा डबा उघडायला फार वेळ लावी. मावशी बाकावरून म्हणत, "गण्या, आतली भाकरी म्हातारी झाली रं!" गण्या हसे आणि अजून वेळ लावी.

एकदा तपासणीला साहेब आले. गण्याच्या हातातली पेन्सिल पडली, ती साहेबांनी उचलली.

"सायेब, टाका ती खाली," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. साहेबांनी पेन्सिल मुकाट्यानं खाली टाकली. गण्यानं ती हळूहळू उचलली आणि साहेबांच्याच खिशाला लावून टाकली.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा पूजा नावाची नवी मदतनीस आली. बावीस वर्षांची, जीव लावून काम करणारी. नातवाचं नाव ठेवायचं म्हणून मावशींनी एक दिवस रजा घेतली आणि त्याच दिवशी घोटाळा झाला. जेवणाची घंटा झाली, मुलं डबे पुढे घेऊन बसली, पण एकानंही झाकण काढलं नाही. पूजा सांगून दमली. बाईंनी भरवायला घेतलं तर गण्यानं तोंड घट्ट मिटलं. सगळी रिकाम्या बाकाकडे बघत होती. दोन भाकरी खाणारी माझी छाया उपाशी घरी आली.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा मावशी आधी हसल्या. "बघ, माझ्याबिगर पान हलत न्हाई हितं!" मग त्यांचं हसू मावळलं.

"म्हंजी मी त्यांना जेवायला शिकवलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "मी हातावर बसल्याली दिसली की डबा उघडायचा, एवढंच शिकवलं. एकोणतीस वर्सं गं! आन् पोरांना उपाशी ठिवून निघाले."

मला रडू आलं. शाळेत मावशी, घरी मी. मावशी निघाल्या, उद्या मीही नसेन. मग छायाचं काय?

मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "घरी भरवतीस व्हय?"

"नाही," मी म्हटलं.

"आई घास," छाया शेजारून म्हणाली.

"खोटारडी!" मावशी मला म्हणाल्या. "आजपासून बंद."

त्याच दिवशी त्यांनी बाक दारापाशी ओढला. मुलांनी माना वळवल्या, मावशी दिसल्या, मग डबे उघडले. पुढच्या आठवड्यात बाक व्हरांड्यात माझ्या शेजारी आला. मग थेट अंगणातल्या लिंबाखाली, वर्गाकडे पाठ करून. बाक हलला की एक-दोन दिवस डबे भरलेले परत जात. घरी मीही भाकरीची टोपली नुसती समोर ठेवायची. दोन दिवस छाया माझ्या हाताकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं टोपली ओढली.

लिंबाखाली मावशींचे हाल मात्र बघवत नव्हते.

"खाल्लं का गं? सांग की, मान अवघडली माझी."

"वळू नका, मावशी."

"वळत न्हाई. गण्यानं झाकन काढलं का तेवढं सांग."

"काढलं. पूजाकडे बघतसुद्धा नाही."

"आन् छाया?"

"तिनं गण्याची चटणी घेतली."

"घेऊ दे, घेऊ दे!"

निरोपाच्या दिवशी पटांगणात मांडव घातला होता. मावशींना साडी नेसवली, हार घातला, व्यासपीठावर खुर्ची दिली. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं. मावशींची सेवा, मावशींचा त्याग असं चाललं होतं, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पुढच्या रांगेतली आमची मुलं उठली. गण्या पुढे, छाया मागे, एकामागून एक व्यासपीठासमोरून वर्गात निघून गेली. पाहुणे थांबले. त्या शांततेत वर्गातून झाकणांचे आवाज येऊ लागले.

मुलांना परत आणायला बाई धावल्या, तशा मावशी वरूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, जेवायची येळ झालीय त्यांची."

मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "छायाची आई, एकबी वळून बघंना गं!"

त्या हसत होत्या आणि पदरानं चष्मा पुसत होत्या. पाहुण्यांनी घाबरत विचारलं, "मी पुढे बोलू का?"

"बोला की सायेब," मावशी म्हणाल्या, "मला आता काय काम हाय?"